घरातली नऊ माणसं

ज्येष्ठातल्या पुनवेला गावातल्या बाया वडाला गेल्या की आमची आज्जी जोत्यावर बसून राहायची. आजा मी जन्मायच्या आधीच गेलेला, त्यामुळं तिचा वड सुटलेला. बाकीच्या बाया नाकात नथ, हातात पूजेचं ताट, आंबे, सुताची गुंडी असं सगळं घेऊन घोळक्यानं निघायच्या आणि म्हातारी आम्हा पोरांना गोळा करून सावित्रीची गोष्ट सांगायची. दरवर्षी तीच गोष्ट. पण तिच्यातला यम दरवर्षी थोडा बदलायचा. एका वर्षी तो रेड्यावरनं उतरून पाणी प्यायला थांबला होता. दुसऱ्या वर्षी त्याला सावित्रीच्या पायांतले काटे बघवले नाहीत. "माणूस वंगाळ न्हाई त्यो," आज्जी म्हणायची, "वरनं नाव निघालं की उचलायचं, येवढंच त्याचं काम. तलाठी जप्तीला येतो, त्यात त्याचा काय दोष?"

घरात भिंतीला चिकटवायचा वटसावित्रीचा कागद असायचा. त्यावरचा यम मात्र चांगलाच दांडगा. पिळदार मिशा, हातात फास, खाली रेडा. वडाच्या बुंध्याला सत्यवान आडवा, शेजारी कुऱ्हाड आणि समोर हात जोडून उभी असलेली सावित्री. आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, तो कागद बघून हसू यायचं. ती म्हणायची, "येवढ्या मिशीवाल्याशी बोलायचं म्हंजी छातीच पायजे."

ही आक्का १९७४ च्या आषाढात गेली. एकोणीस वर्षांची होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. जायच्या आधी महिनाभर, अवघडलेल्या पोटानं, ती आईबरोबर वडाला जाऊन आली होती. लग्नानंतरचा तिचा पहिलाच वड. दमली म्हणून मधे दोनदा बसली, पण सातही फेरे पुरे केले. तिनं जे मागितलं ते तिला मिळालं. आमचे दाजी अजून खुटखुटीत आहेत. आक्काचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्यांचं दुसरं लग्न झालं, आणि त्यात मी त्यांना कधी दोष दिला नाही. तेव्हाची रीतच तशी होती.

त्या रात्रीचं सांगतो. दिवेलागणीला आक्का मोकळी झाली. मुलगी झाली. ती पुढं बारा दिवस जगली. पण वार पडेना आणि रक्त थांबेना. सुईण जुनी होती, अर्ध्या गावाला तिनं जगात आणलेलं. नऊच्या सुमाराला ती बाहेर आली आणि हात पुसत आबांना म्हणाली, "वार आडकलीया. आता ह्ये माझ्या हातचं न्हाई. गाडी जुपा."

तालुक्याचं गाव सहा कोस. मधे ओढा. पाऊस चार दिवस लागून होता. पण सुरुवातीचे तीन-चार तास पावसात गेले नाहीत, ते बोलण्यात गेले. चुलता म्हणाला, पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच. आज्जी म्हणाली, धुरी द्या. आबा म्हणाले, तिच्या सासरच्यांना न विचारता दवाखान्यात घातली आणि पिशवी काढली तर उद्या ते काय म्हणतील? सांजचा निरोप गेलाय, माणूस येईल, मग बघू. आई आत-बाहेर करत होती. सुईण दोनदा बाहेर येऊन तेच बोलली, तिसऱ्यांदा बोलली नाही. मध्यरात्र उलटल्यावर आबांनी गाडी जुपायला सांगितली, तोवर ओढा छातीएवढा चढला होता. बैलगाडी उतरणार नव्हती. गावात तेव्हा एकच ट्रॅक्टर, तो मळ्यातल्या वस्तीवर. ट्रॅक्टरला निरोप गेला. ट्रॅक्टर आला नाही. शेवटी गाडीच घेऊन ओढ्यावर गेले आणि पाणी उतरायची वाट बघत काठावर थांबले. तिथंच, उजाडायच्या आत, आक्का गेली. गाडी परत आली तेव्हा तिचे केस मागच्या बाजूनं खाली लोंबत होते आणि टोकाला चिखल लागला होता. ते मी बघितलं.

त्यानंतर जे झालं त्यानं मला आयुष्यभर कोड्यात टाकलंय. आक्काला हिरवं लुगडं नेसवलं. हातभर चुडा भरला, मळवट भरला. गावातल्या बाया रांगेनं आल्या, तिच्या पायावर पाणी घातलं, तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेतलं. अहेव मरण! "सोनं झालं पोरीचं," असं दोघी-तिघी म्हणाल्या. नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळानं गेली. पुढं दर भादव्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, हेही ठरलं. आणि तिरडी उचलल्यावर त्याच घोळक्यातली एकजण उंबऱ्यावर खिळा ठोकून आली, आणि चुलती तिरडीमागं मुठीमुठीनं राळे सांडत वेशीपर्यंत गेली. ओली बाळंतीण मेली की हडळ होते, माघारी येते. वाटेवर राळे असले की ती एकेक दाणा वेचत बसते, तेवढ्यात उजाडतं. सकाळी जिचे पाय धुतले, तिचीच परत यायची वाट दुपारी बंद केली. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानणारी माणसं वाईट नव्हती. माझीच माणसं होती.

आणि सगळे एकच वाक्य बोलत होते. यम आला आणि पोरीला घेऊन गेला.

पुढं मी चित्रकलेचा मास्तर झालो. शहरात ए.टी.डी. करत असताना ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात एका पानावर माझा हात थांबला. हान्स बाल्डुंग नावाच्या जर्मन चित्रकारानं १५१७ साली रंगवलेलं चित्र. मूळ लाकडी फळीवर आहे, जेमतेम फूटभर उंच, आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात असतं. एक उघडी तरुण पोरगी, कमरेला पातळ वस्त्र, हात जोडलेले, डोळ्यांतनं पाणी. मागं मृत्यू. हाडांवर कातडं लोंबतंय असा. त्यानं एका हातानं तिचे केस धरलेत आणि दुसऱ्या हातानं तो खाली, मातीकडं बोट दाखवतोय. केस धरलेले बघून मी पुस्तक मिटलं. संध्याकाळी परत जाऊन उघडलं.

नंतर कळत गेलं की तिकडं ह्या विषयाची परंपराच आहे. मृत्यू आणि तरुणी. त्याच १५१७ साली निक्लाउस मान्युएल नावाच्या चित्रकारानंही हाच विषय काढला, त्याचा मृत्यू तर भाडोत्री शिपायाच्या फाटक्या वेशात येतो आणि पोरीला मिठी मारतो. पण त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पंधराव्या शतकात, प्लेगनं गावंच्या गावं ओस पडत होती तेव्हा, युरोपात कबरस्तानांच्या भिंतींवर मृत्यूचा नाच रंगवत. बाझेललाही अशी एक भिंत होती. तिच्यावर मृत्यू सगळ्यांना हात धरून नेतो. पोप, बादशहा, सावकार, शेतकरी, म्हातारी, तान्हं पोर, सगळी एका रांगेत. पुढं चित्रकारांनी त्या रांगेतली बाकीची माणसं काढून टाकली. पोप गेला, सावकार गेला. उरली एक पोरगी आणि मृत्यू.

चित्रात दोघंच. आमच्या घरात त्या रात्री आक्का सोडून नऊ माणसं होती. मी मोजलीत. आबा, आई, आज्जी, चुलता, चुलती, सुईण, एक शेजारीण, गडी आणि मी.

म्हणून ते चित्र कितीही थोर असलं तरी मला त्याचा राग येतो. दोघंच काढली की बाकीचे सुटतात. बघणाऱ्याला वाटतं, हा त्यांचा दोघांचा मामला आहे. तिचं तारुण्य आणि त्याची भूक. सुंदर पोरगी आणि तिच्यावर डोळा असलेला तो, अशी एक लाडिक गोष्टही त्यातून तयार होते, आणि ती ऐकायला गोड लागते. खरं तर तरण्या बायका तेव्हा मरत होत्या त्या बाळंतपणात, तापात, उपासमारीत. माणसांनी भरलेल्या घरांत मरत होत्या.

शूबर्टचं गाणं मी फार उशिरा ऐकलं, एका मित्राकडं कॅसेटवर. मथियास क्लाउडियस नावाच्या कवीची छोटी कविता शूबर्टनं १८१७ साली गाण्यात बांधली. पोरगी घाबरून, भरभर, मृत्यूला म्हणते की मी अजून लहान आहे, तू जा. मग मृत्यू बोलतो. त्याचा सूर जवळजवळ एकाच पट्टीवर राहतो, संथ, समजूत घातल्यासारखा. तो सांगतो की मी शिक्षा करायला आलेलो नाही, मी मित्र आहे. पुढं १८२४ मध्ये, स्वतः आजारी पडल्यावर, शूबर्टनं त्याच गाण्याची चाल घेऊन चार वाद्यांची मोठी रचना केली. १८२८ मध्ये तो एकतिसाव्या वर्षी गेला. आपल्या जवळ आलेल्या मृत्यूला कुणी मित्र म्हणत असेल तर त्याला मी अडवणार नाही. ज्याचं दुखणं त्याला तो हक्क आहे. पण एकोणीस वर्षांच्या पोरीला दुसऱ्या कुणी समजावून सांगावं की हा तुझा मित्र आहे, हे मला पटत नाही. "सोनं झालं" म्हणणाऱ्या बायांचा सूर त्याच पट्टीतला होता.

ह्या गाण्यानंतर मी महाभारतातली सावित्री पहिल्यांदा नीट वाचली. वनपर्वात मार्कंडेय ऋषी ती धर्मराजाला सांगतात. आज्जीच्या गोष्टीतलं बरंच काही तिथं नाही. वड मला तिथं सापडला नाही. फेरे नाहीत, जन्मोजन्मीचा नवरा मागणं नाही. आहे ती एक धीट पोरगी. तिचं तेज बघून कुणी मागणीच घालत नाही, तेव्हा बाप म्हणतो, तूच रथ घे आणि शोध. ती हिंडून एका आंधळ्या, राज्य गेलेल्या राजाचा मुलगा निवडून येते. नारद सांगतात, वर्षभरात मरणार आहे तो. ती म्हणते, निवड एकदाच करतात. मग ती वर्षभर दिवस मोजते आणि शेवटच्या दिवशी रानात त्याच्याबरोबर जाते. लाकडं फोडताना त्याचं डोकं दुखायला लागतं, ती त्याचं डोकं मांडीवर घेते, आणि तांबडी वस्त्रं नेसलेला, लाल डोळ्यांचा, हातात फास असलेला यम येतो. अंगठ्याएवढा जीव ओढून काढतो आणि दक्षिणेला चालू लागतो. ती मागं चालू लागते.

यम म्हणतो, माघारी फिर. ती काय म्हणते? ती म्हणते की सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, असं जाणते सांगतात. आता आपली मैत्री झाली, तेव्हा माझं चार शब्द ऐक.

मी तिथं कितीतरी वेळ थांबलो होतो. तिकडं मृत्यू पोरीला म्हणतो, मी तुझा मित्र, आणि पोरगी गप्प होते. इकडं पोरगी मृत्यूला मित्र म्हणते, आणि तिथनं पुढं तिचं बोलणं सुरू होतं. सासऱ्याची दृष्टी, त्याचं राज्य, बापाला शंभर मुलगे, स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे, आणि मग सत्यवान. आज्जी सांगायची की सावित्रीनं यमाला फसवलं. मूळ गोष्टीत तो फसलेला वाटत नाही. तिचं बोलणं त्याला आवडत जातं. तो एकेक वर देतो आणि म्हणतो, आता जा, दमलीस. ती जात नाही.

एका बंगाली पोरीनं ही गोष्ट इंग्रजी कवितेत लिहिली. तिचं नाव तोरू दत्त. कलकत्त्याची, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारी. मृत्यूशी वाद घालून जिंकणारी सावित्री लिहिली आणि १८७७ मध्ये एकविसाव्या वर्षी क्षयानं गेली. तिच्या आधी तिचा भाऊ गेला होता, बहीण गेली होती. बाप मागं राहिला. त्यानं पोरीचे कागद गोळा केले आणि १८८२ साली लंडनला पुस्तक निघालं, त्यात ती सावित्री आहे. त्या बापाचं मला फार वाटतं. जीव काही परत आणता आला नाही, पण तो मागं चालत गेला.

मृत्यूला तोंड देण्याचा, म्हणजे नाक-डोळे-मिशा देण्याचा, उपयोग काय, ह्यावर मी पुष्कळ विचार केलाय. मला दोन उपयोग दिसतात आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. त्याला तोंड दिलं की त्याच्याशी बोलता येतं, मागं लागता येतं, नाही म्हणता येतं. सावित्रीनं तेच केलं. आणि त्याला तोंड दिलं की आपली चूक त्याच्या माथी मारता येते. यम आला आणि घेऊन गेला. मग नऊ वाजल्यापासून मध्यरात्रीपर्यंत सोप्यात काय बोलणं चाललं होतं ते कुणी विचारत नाही. आम्ही बायकांना पहिला उपयोग शिकवला. नवऱ्यासाठी. उपास, फेरे, सूत, सगळं तिनं त्याच्यासाठी. बायकोच्या आयुष्यासाठी पुरुषानं वडाला फेरे घालायचे, असा दिवस आमच्या पंचांगात मी शोधला, सापडला नाही. तिच्या बाबतीत आम्ही दुसरा उपयोग वापरतो.

आता मला ट्रॅक्टरचं सांगितलं पाहिजे. वर मी लिहिलं, ट्रॅक्टरला निरोप गेला, ट्रॅक्टर आला नाही. तो निरोप घेऊन मी गेलो होतो.

अकरा वर्षांचा होतो. चुलता ओढ्याचं पाणी बघायला गेलेला, गडी बैलांशी, आबा बायांना काय हवं-नको बघत. आईनं मला हातात कंदील दिला आणि म्हणाली, "पळ. वस्तीवर जा. मालकाला म्हण, आक्का जाया लागली, ट्रॅक्टर घ्या." वस्ती अर्ध्या मैलावर. वाटेत वड. दिवसा त्या वडाला सावित्री असते आणि रात्री हडळ, हे आमच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक. पावसात पारंब्या हलत होत्या. सूत गुंडाळलेलं अजून होतं, कंदिलाच्या उजेडात ते पांढरं पांढरं दिसलं. मी तिथनं पुढं गेलो नाही. किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग माघारी आलो आणि सांगितलं, "लई हाका मारल्या. कुणी उठलं न्हाई."

मेलेल्या बाळंतिणीला भिऊन मी जित्या बाळंतिणीचा निरोप टाकला.

ट्रॅक्टर आला असता तर आक्का वाचली असती का, ठाऊक नाही. चार तास आधीच गेले होते. पण ते चार तास मोठ्यांचे होते, माझं जे होतं ते माझं होतं. आबांनी त्या वस्तीवाल्याशी पुढं कधी बोलणं ठेवलं नाही. "त्या राती उठला न्हाई त्यो," असं ते पाव्हण्यारावळ्यांत सांगायचे. त्याच्या पोरीच्या लग्नाला आमच्या घरातनं कुणी गेलं नाही. आक्काच्या मातीला लाकडं त्यानंच ट्रॅक्टरमधनं आणली होती. तो बिचारा काही विचारायलाही आला नाही, की माझं काय चुकलं. मला वाटतं, आबांच्या रागाचं कारण त्याला कुणी सांगितलंच नसेल. आबांनाही ते बरं पडलं असावं. नऊ वाजता आपण काय बोललो, ते आठवण्यापेक्षा न उठलेला माणूस आठवणं सोपं. मी त्यांना तो माणूस पुरवला होता. यमापेक्षा जवळचा.

आबा २००३ मध्ये गेले. आईचा वड सुटला. मग दर ज्येष्ठात ती त्याच जोत्यावर बसायला लागली, आज्जी बसायची तिथं. पाच-सहा वर्षांनी एका पुनवेला मी सुट्टी काढून घरी होतो. बाया पुढनं वडाला चालल्या होत्या. एक नवी नवरी थांबली, आईच्या पाया पडून गेली. ती लांब गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. कंदील, वड, खोटं.

आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"कसं?"

"वस्तीवरची कुत्री. मान्साची चाहूल लागली की सारं रान डोक्यावर घेत्यात. मी खिडकीशी कान लावून बसलेली. तुला धाडल्यापास्नं कुत्रं वरडलंच न्हाई."

"मग बोलली का न्हाईस? आबांला तरी."

"बोलून? अकरा वर्साचं प्वार तू. एक गेलीच हुती. आबांनी तुला जित्ता ठेवला नसता." तिनं ताटातला एक खडा काढून अंगणात टाकला. "आन् मी तरी काय केलं? सुईण तीनदा बोलली. मी आपली ह्यांच्या तोंडाकडं बघत बसली. माझीच पोर ती. मी गाडीपुढं आडवी पडाया हवी हुती."

बराच वेळ कुणीच बोललं नाही. रस्त्यानं उशिरा निघालेल्या दोघी गेल्या.

मग आई म्हणाली, "त्यो म्हातारा हाय अजून वस्तीवर. डोळं गेल्यात, पर ऐकू येतंय. जाऊन सांग त्याला."

"आता? इतक्या वर्सांनी?"

"मग कवा?"

मी चप्पल घातली. वडाखाली बाया दाटल्या होत्या, बुंधा नव्या सुतानं पांढरा झाला होता. त्यांच्यातनं वाट काढून मी पुढं गेलो. मळ्याच्या बांधाला लागलो तशी वस्तीवरची कुत्री उठली आणि भुंकायला लागली. फाटकापाशी मी थांबलो. पडवीत बाजेवर म्हातारा बसला होता, आवाजाच्या रोखानं त्यानं मान वळवली.

मी हाक मारली.